अडकलेली कॉइल

गिझर भिंतीवरून उतरवायला दोन माणसं लागतात, हे मेकॅनिकनं प्रेमलाला सांगितलं होतं. दुसरं माणूस म्हणून गोजरामावशी मिळतील, हे मात्र तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

तळवली गावातल्या त्या तीन मजली इमारतीच्या गोजरामावशी मालकीण. तळमजल्यावर त्या आणि त्यांचा मुलगा दिपेश राहायचे, वरच्या सगळ्या खोल्या भाड्यानं दिलेल्या. पहिल्या मजल्यावर प्रेमला, तिचा नवरा सयाजी आणि पाच वर्षांची राजलक्ष्मी. मूळची माणसं साताऱ्याकडची. सयाजी वाशीच्या मार्केटात पोती उचलायचा, पहाटे जायचा तो पार दुपार उलटल्यावर यायचा.

गिझर खोलीबरोबरच मिळालेला. तो बंद पडला तेव्हा मेकॅनिक म्हणाला, आतली कॉइल जळालीय. त्यानं खालचे नट खोलले, वायरी सोडवल्या, पण कॉइल काही बाहेर येईना. ओढून ओढून दमला आणि "अख्खा गिझरच बदला," असं सांगून निघून गेला.

"तुमीच जालली, आता तुमीच निस्तरा," गोजरामावशींनी जिन्यातूनच सुनावलं. "दिवसभर बटन चालू. पोरीला काय राजवाड्यान आंघोल घालता?"

"पोरीच्या अंगावर पुरळ हाय मावशी. डॉक्टरनी कोमट पाण्यानं अंग धुवायला सांगितलंय."

"मी उभा जल्म मिठागरान काढला. मना नाय कधी पुरल आला."

दुसऱ्या मजल्यावरच्या संघप्रियानं तिला सांगितलं होतं, की किटलीतला पांढरा थर लिंबूसत्त्वानं सुटतो. तिनं दुकानातून लिंबूसत्त्व आणलं, शेजारून पाना आणि पकड मागून घेतली आणि स्टुलावर चढली. टाकीतलं पाणी सोडून झालं तोवर मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"टाइल फुटली ना, तर बघ."

"नुसतं बघण्यापरीस खालून धरा. म्हंजे फुटायची न्हाई."

मावशींनी पदर खोचला आणि टाकीला खालून हात दिला, तोही टाइलच्या काळजीनं. साठीच्या पुढची बाई, पण दंड अजून घट्ट होते. टाकी हुकावरून सुटली आणि सगळा भार एकदम त्यांच्यावर गेला. त्यांचं बोट भिंत आणि टाकीच्या मध्ये चेंगरलं.

"मुद्दाम सोडलीस गो."

"माझा हात सटकला."

"माजा बोट गेला, तुजा हात सटकला."

दोघींनी टाकी कशीबशी गॅलरीत आणून उलटी ठेवली. प्रेमलानं कॉइलच्या कडेनं लिंबूसत्त्वाचं गरम पाणी ओतलं. आत फसफस सुरू झाली. ती थांबेपर्यंत दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या. मावशी सुजलेलं बोट चोखत होत्या. प्रेमलाला एकदा वाटलं, बर्फ आणून द्यावा. पण मावशी पुटपुटल्या, "बाहेरशी येतात आनि घराची वाट लावतात." मग ती जागची हलली नाही.

मावशींनी टाकी दोन्ही गुडघ्यांत आवळून धरली आणि प्रेमलानं पकडीत कॉइल धरून ती डावीउजवीकडे हळूहळू हलवायला सुरुवात केली. आतून दगडावर दगड घासल्यासारखा आवाज यायला लागला. मध्येच कॉइल अडायची, मग प्रेमला परत पाणी ओतायची. शेवटी पाय भिंतीला लावून तिनं जोर केला, तशी कॉइल सुटून बाहेर आली आणि प्रेमला मागच्या मागे आपटली.

कॉइल कुठली, तो पांढरा मुळाच वाटत होता. तांब्याचा मागमूस नव्हता, वर बोटबोट जाडीचे खडे चिकटलेले. मावशींनी एक खडा मोडला, जिभेला लावला आणि लगेच थुंकला.

"मीठ नाय हा," त्या बोलून गेल्या. आणि हातातला खडा घाईनं गॅलरीबाहेर फेकला.

प्रेमला त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. पालिकेच्या गोड्या पाण्यात मीठ असेल, असं यांना वाटलंच कसं? प्यायचं पाणी ती रोज सकाळी खालच्या नळावरून भरून आणायची. बाथरूमलाही तेच पालिकेचं पाणी येतं, असं खोली देताना मावशींनीच सांगितलं होतं. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, बोअरचं पाणी वापरता का. दोन्ही वेळा ती छातीठोकपणे नाही म्हणाली होती.

"बोअरचं पाणी सोडता व्हय आमास्नी?"

"मना काय म्हाईत? लाइन दिपेसनी केलीय."

प्रेमला उठली आणि गच्चीकडे निघाली. "वर जायाचा नाय," मावशी मागून ओरडल्या, पण ती थांबली नाही. गच्चीत दोन टाक्या होत्या. एकीचा पाइप सरळ तळमजल्यावर उतरला होता. दुसरीत बोअरचा पंप पाणी चढवत होता आणि तिच्यातूनच सगळ्या खोल्यांना फाटे गेले होते. त्या टाकीतलं पाणी तिनं ओंजळीत घेऊन चाखलं. मचूळ होतं.

खाली येऊन तिनं ती कॉइल उचलली आणि एकेका खोलीचं दार वाजवलं. संघप्रियानं नवऱ्याच्या खाजेच्या मलमांची पिशवीच काढून दाखवली. संध्याकाळी दिपेश आला, तेव्हा जिन्यात सगळे भाडेकरू उभे होते आणि सयाजी सर्वांत पुढे. दिपेश आधी हसला, मग चढ्या आवाजात बोलला, मग आईकडे बघायला लागला. मावशी दारातच बसल्या होत्या. त्यांनी त्याची बाजू घेतली नाही, पण भाडेकरूंचीही घेतली नाही.

दोन दिवसांत लाइन बदलली. प्रेमलानं नवी कॉइल बसवली, गिझर सुरू झाला. आणि त्याच आठवड्यात दिपेशनं सयाजीला खोली खाली करायला सांगितलं. बाकी कुणाला नाही, फक्त त्यांना.

घणसोलीत खोली मिळाली. टेम्पोत सामान चढत होतं, तेव्हा राजलक्ष्मीच्या हातापायांवरचे चट्टे सुकत आले होते. गोजरामावशी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"येते मावशी," प्रेमला म्हणाली. म्हणायचं नव्हतं, सवयीनं तोंडून गेलं.

मावशींनी मान वर केली नाही. प्रेमलानंही मग दुसऱ्यांदा हाक मारली नाही. पोरीला पुढं बसवलं आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.