वाळूची विहीर

बहात्तरच्या दुष्काळात सोसायटीचं गोदाम रिकामं पडलं, म्हणून गावात बालवाडी आली. एरवी आमच्या परांडा भागात पोरांच्या खेळायला पक्क्या भिंती अन् वर पत्रे कोण देतो? पण त्या साली बी नव्हतं, खत नव्हतं, पोत्यात भरायला दाणा नव्हता. उंदरांनीसुद्धा मुक्काम हलवलेला. सोसायटीचे चेअरमन आण्णासाहेब म्हणाले, "बसवा पोरं, पाऊस पडंस्तोवर." किल्ली मात्र त्यांच्याच घरी. त्यांच्या मालकीण द्वारकाबाई सकाळी येऊन कुलूप काढायच्या, दुपारी सरकारकडून पोरांसाठी आलेली सुखडी वाटायच्या, संध्याकाळी कुलूप लावून किल्ली कमरेला खोचायच्या.

बालवाडीची बाई म्हणजे चांगुणा. बौद्धवाड्यातली, सातवी पास, उस्मानाबादला बालवाडीचं शिबिर करून आलेली. तिची चार वर्षांची बनी त्याच पोरांत बसायची. उजाडलं की गावच्या बाया पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात. आधी पोरंही त्यांच्याबरोबर जायची आणि खडीच्या ढिगाजवळ, काठीवर टाकलेल्या लुगड्याच्या सावलीला पडून राहायची. तिथंच धनगराच्या बिरूच्या डोळ्यात कपची उडाली. एक डोळा गेला लेकराचा! गोदामाचं दार मिटलं की पोरं पुन्हा त्याच ढिगाजवळ जाणार, हे चांगुणाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून द्वारकाबाईंच्या शब्दाबाहेर ती जायची नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करील? आणि पाणीसुद्धा त्यांचंच होतं की.

गावात पाण्याची एकच विहीर उरली होती, आण्णासाहेबांच्या मळ्यातली. ती त्यांनी गावाला खुली केली, त्याबद्दल त्यांचे उपकारच म्हणायचे. फक्त बौद्धवाड्यातल्या बायांनी चौथऱ्याखाली उभं राहायचं आणि वरच्या बाईनं उंचावरून त्यांच्या घागरीत पाणी वाढायचं; प्यायचं असलं तर खाली उकिडवं बसून ओंजळ धरायची. कायदा निराळं सांगत होता, पण कायदा होता कचेरीत आणि विहीर होती मळ्यात. गोदामात "बाई, बाई" म्हणणाऱ्या द्वारकाबाई विहिरीवर "चांगुणे, सरक मागं" म्हणायच्या, आणि चांगुणा सरकायची.

बालवाडीला खेळणी कुठली मिळायला? शिबिरातल्या ताईंनी सांगितलं होतं, हाताला येईल त्यातून खेळ करा, खेळात जे केलं ते मुलाच्या अंगात मुरतं. चांगुणानं कोपऱ्यात विटांचं गोल कडं रचलं, आत ओढ्याची वाळू भरली, डालड्याच्या डब्याला सुतळी बांधली, कडेला दोन विटांचा चौथरा केला. झाली विहीर! पोरं नुसती खुळावली. डबा सोडायचा, भरायचा, न सांडता वर ओढायचा, समोरच्याला वाळू वाढायची. ज्यांना चड्डीची नाडी बांधता येत नव्हती ती सुतळीला गाठ मारायला लागली. बिरूला एका डोळ्यानं अंदाज येत नव्हता, त्याचा डबा सारखा कडेवर आपटायचा. हळूहळू तोही सरावला. ते बघून चांगुणाला लई बरं वाटायचं. आपण काहीतरी करतोय, असं पहिल्यांदाच वाटायचं.

मग एक दिवस तिनं नीट पाहिलं.

चौथऱ्यावर सत्यभामा उभी होती, आण्णासाहेबांची नात. बनीएवढीच, पण तोंड म्हणजे मुलूखमैदान तोफ. "तू वर न्हाय यायचं," ती बनीला म्हणाली. "खाली बस. वंजळ धर." आणि बनी बसली. उकिडवी. दोन्ही मनगटं जुळवली, कोपरं वर केली, मान खाली घातली. सत्यभामानं उंचावरून वाळू सोडली. बनीच्या ओंजळीतून एक कण खाली पडला नाही.

चांगुणाच्या काळजात चर्र झालं. तिनं बनीला हे कधी शिकवलं नव्हतं. पण रोज सकाळी पोर कुणाच्या पदराला धरून विहिरीवर उभी असायची? आडात असेल तेच पोहऱ्यात येणार! चांगुणाला स्वतःचीच लाज वाटली, आणि मग रागही आला, कुणावर ते तिलाच सांगता आलं नसतं.

त्या दिवशी तिनं खेळाला नियम घातला. पाळीपाळीनं सगळ्यांनी चौथऱ्यावर चढायचं, पाळीपाळीनं सगळ्यांनी खाली बसायचं. सत्यभामा रुसेल असं तिला वाटलं होतं. कुठलं काय! ओंजळीत वाळू पडल्यावर ती खिदळायला लागली. "मला अजून! बने, मला अजून वाढ!" बनी वर ताठ उभी राहून वाढत होती. द्वारकाबाई सुखडीचं पातेलं घेऊन आल्या, तेव्हा चांगुणानं पोरांना घाईनं हात धुवायला पिटाळलं. आणि अशी लपवाछपवी करत पंधरवडा गेला.

आता चूक कुणाची म्हणाल? पोरांची तर नाहीच. पोरांना एक विहीर खोटी अन् एक खरी, हे कुणी सांगितलं होतं?

एका सकाळी मळ्यात बायांची रांग लागली होती. द्वारकाबाई चौथऱ्यावरून पोहरा ओढत होत्या, मागं चऱ्हाटाचं टोक धरून सत्यभामा लुटूपुटूचं ओढू लागत होती. खाली चांगुणा घागर घेऊन, पदराला बनी. पाणी वर आलं आणि सत्यभामा ओरडली, "आजी, थांब! आता बनीची पाळी हाय!" तिनं चऱ्हाटाचं टोक पुढं केलं. बनी पदर सोडून चौथऱ्यावर चढली आणि तिनं ते टोक दोन्ही हातांनी धरलं, अगदी शिकवल्यासारखं.

द्वारकाबाईंच्या हातून चऱ्हाट सुटलं. भरला पोहरा धाडकन खाली गेला. दुष्काळातलं पाणी ते!

"हेच शिकवतीस व्हय गं गोदामात?" द्वारकाबाई हळूच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आमचे हे म्हणतच हुते, सोसायटीला गोदाम लागणार हाय म्हणून."

चांगुणाला बिरूचा डोळा दिसला. खडीचे ढीग दिसले. तिनं बनीचा दंड धरून तिला खाली खेचलं.

"सोड ते. आपलं काम न्हाय ते."

"पन आये, पाळी माझीच हाय."

"खेळ हुता तो! सोड म्हनते ना!"

बनीनं टोक सोडलं. रडली नाही. आईच्या तोंडाकडं मात्र बराच वेळ बघत राहिली. द्वारकाबाईंनी नवा पोहरा ओढला आणि चांगुणाच्या घागरीत काठोकाठ पाणी वाढलं, रोजच्यापेक्षा थोडं जास्तच. ते पाणी दिवसभर चांगुणाच्या घशाखाली उतरेना.

गोदाम काही बंद झालं नाही. दुसऱ्या दिवशी कुलूप निघालं, पोरं आत धावली, वाळूच्या विहिरीवर गर्दी झाली. चांगुणा सुतळी सोडवत बसली होती. इतक्यात मागून आवाज आला, "सोड ते. आपलं काम न्हाय ते."

ती दचकली. हुबेहूब तिचाच सूर होता. बौद्धवाड्यातला तीन वर्षांचा कोंडीराम चौथऱ्यावर चढत होता आणि बनी त्याला दंड धरून खाली ओढत होती. तिनं त्याला जमिनीवर बसवलं. स्वतः शेजारी उकिडवी बसली. त्याची इवली मनगटं जुळवून दिली. "कोपर वर धर," ती त्याला समजावत होती, "न्हाय तर सांडतंय." किती मायेनं शिकवत होती पोर! चांगुणासुद्धा याहून चांगलं शिकवू शकली नसती.

चांगुणा उठली आणि बनीच्या समोर, जमिनीवर बसली. तिनं ओंजळ पुढं केली.

"बने, वर चढ. मला वाढ."

बनीनं मान हलवली. "मला येत न्हाय."

"येत न्हाय? परवा तर किती ग्वाड वाढत हुतीस."

"आता येत न्हाय," बनी म्हणाली आणि कोंडीरामाची कोपरं पुन्हा नीट करू लागली.

दारात सुखडीचं पातेलं घेऊन द्वारकाबाई उभ्या होत्या. चांगुणाला त्या दिसल्या. रोजच्यासारखी ती लगबगीनं उठली नाही, पोरांना हात धुवायला पिटाळलं नाही. बिरू तिथंच डबा घेऊन उभा होता, त्याच्याकडं बघायचा तिला धीर झाला नाही.

"येतंय तुला," ती म्हणाली, दारापर्यंत जाईल एवढ्या आवाजात. "म्या चुकीचं शिकवलं काल. उद्या सकाळी मळ्यातल्या हिरीवर जाऊ. आदी म्या चढते, मग तू चढ."

"उद्या माझी पाळी?" बनीनं विचारलं.

"उद्या आपली पाळी."

द्वारकाबाईंनी पातेलं उंबऱ्यावर ठेवलं. सुखडी वाटली नाही. दाराच्या कडीला लटकणारं कुलूप त्यांनी काढून हातात घेतलं. चांगुणानं ते पाहिलं, आणि बनीच्या हातात सुतळी दिली.