दुसरा ब्रेक

गाडी शिकवण्यात मास्तरांची वीस वर्षं गेली. शेजारी बसून प्रत्येक घाबरटाला ते सांगत, "बिनधास्त चालवा, दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली आहे."

आज लेक पहिल्यांदाच एकटी गाडी घेऊन गेली आणि मास्तरांचा जीव टांगणीला लागला. खिडकीत उभे राहून ते उजव्या पायाने फरशी दाबत होते.

"फरशी फुटेल," बायको म्हणाली. "तिथे कुठला आलाय ब्रेक?"

"मग तिचा दुसरा ब्रेक कुणाच्या पायाखाली?"

बायकोने हातातला झारा आभाळाकडे केला. "वीस वर्षं लोकांना भरवसा ठेवायला सांगताय. आता स्वतः ठेवा की!"

मास्तर ओशाळले. पाय उचलून त्यांनी हात जोडले. "देवा, तुझा पाय ब्रेकवर असू दे. पण उगाच दाबू नकोस हं, चढावर तिची गाडी बंद पडते."