पडद्यावरचा शेंदरी ठिपका

क्योतोच्या निशिजिन पेठेत किमोनोच्या कमरपट्ट्यावरची नक्षी विणण्याआधी चौकटीच्या कागदावर रंगवतात. एक चौकोन म्हणजे एक धागा. किसाबुरोंनी पन्नास वर्षं तेच चौकोन भरले होते. म्हणून सुनेने, सुमिएने, कामाला संगणक आणला तेव्हा महिनाभर ते तिकडे ढुंकूनही बघेनात.

"बाबा, देवळातल्या तळ्याचा फोटो काढलाय. बघा तरी!"

"फोटो म्हणजे आयता पडलेला उजेड. त्यात कसली आलीय कारागिरी?"

सुमिएने त्यातला लाल मासा मोठा केला, आणखी मोठा केला. मासा विरघळला आणि पडदाभर नुसते चौकोन उरले. किसाबुरो हातातल्या कुंचल्यासकट उठून आले. लाल मासा आणि काळं पाणी यांच्यामध्ये तपकिरी चौकोनांची ओळ होती. कड पायऱ्यांसारखी दिसू नये म्हणून असा मधला रंग भरायला शिकण्यात त्यांची दहा वर्षं गेली होती.

"याला कुणी शिकवलं गं?"

"कुणी नाही. कॅमेरा उजेड मोजतो आणि प्रत्येक चौकोनाचा आकडा लिहून ठेवतो."

"पण हा एक चुकलाय." असं म्हणत त्यांनी सवयीने शेंदरी कुंचला थेट पडद्यावर टेकवला.

"अहो बाबा!" सुमिएला हसू आवरेना. तिने फोटो पुन्हा लहान केला. ठिपका होता तेवढाच राहिला आणि त्याच्याखाली मासा दिसेनासा झाला.

किसाबुरो बघतच राहिले. मग पडद्यापुढे कमरेत वाकून म्हणाले, "सूनबाई, फार बारीक हात आहे याचा. माझ्या एका चौकोनात याचा अख्खा मासा मावला!"