सुटलेल्याचा रकाना

माती तपासणीच्या प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. अकरा वर्षं ती एकच काम करत होती: फवारणीचं औषध मातीला किती चिकटतं ते मोजायचं. माती, पाणी आणि औषध बाटलीत घालून दिवसभर हलवायचं, गाळ खाली बसला की वरच्या पाण्यात काय उरलं ते बघायचं. फळबागेसाठी आलेल्या नव्या औषधातलं शंभरात ब्याण्णव भाग मातीनं धरून ठेवलं. साहेब खूश झाले. विहिरींना धोका नाही, असा अहवाल त्यांनी लिहायलाही घेतला.

ताईनं तीच माती स्वच्छ पाण्यात पुन्हा हलवली. औषध सुटलं. पाणी बदललं, परत सुटलं. सातव्या पाण्यातही येतच होतं. ती आकडे घेऊन साहेबांकडे गेली.

"ताई, तुम्हाला धरलेलं मोजायला सांगितलं होतं," साहेब म्हणाले. "सुटलेल्याचा रकाना औषध कंपनीच्या अर्जात नाही."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढला नाही. "बागेच्या उताराखालच्या विहिरीचं पाणी माझी बहीण पिते, साहेब. तुमच्या टेबलावरची पाण्याची बाटली दुकानातून येते."

अहवाल ठरल्याप्रमाणेच गेला आणि बागेत त्या औषधाची फवारणी सुरू झाली.

ताईनं रजा टाकली, त्या विहिरीचं पाणी आणून तपासलं. त्यात औषध होतं. बहिणीचा नवरा त्याच बागेत फवारणी करायचा. गप्प बस, माझ्या पोटावर पाय देऊ नकोस, असं तो ताईला तोंडावर म्हणाला. ताईला त्याचाही संताप आला, आणि तो खोटं बोलत नव्हता याचा जास्त.

कंपनीनं गावकऱ्यांची सभा घेतली तेव्हा साहेब व्यासपीठावर होते. ताई मागून उठली आणि तिनं सातही पाण्यांचे आकडे आणि मग विहिरीचा आकडा वाचून दाखवला. साहेबांनी ती नुसती मदतनीस असल्याचं सांगितलं. तेव्हा गावच्या नर्सबाईंनी विचारलं, मग तुम्ही हे का मोजलं नाहीत? साहेब कागद चाळत राहिले.

विहिरीला कुलूप लागलं. औषध मात्र दुकानात तसंच विकलं जातं. बहिणीच्या नवऱ्याला बागेतून काढलं आणि बहिणीनं ताईचा फोन घेणं बंद केलं. ताईला बाटल्या धुण्याच्या खोलीत बसवलं.

साहेबांना बढती मिळाली. पेढ्याचा डबा तिच्यापर्यंत आला तेव्हा तिनं ओले हात पुसलेही नाहीत. डबा घेऊन आलेल्या शिपायाला ती एवढंच म्हणाली, "परत ने. आणि मी नको म्हटलं, असं सांग त्यांना."