खुंटीवरची चकती

हे तुम्हाला खरं वाटणार नाही. चाळीस वर्षांत बायकोला माझं एक वाक्य खरं वाटलं नाही, तर तुमची काय कथा. पण शाळेतल्या शेवटच्या वर्गाला स्वतःच्या पायावर उभं राहायला मी शिकवलंय. मी, गावचा सुतार, ज्याला अजून जेवलेलं ताट उचलायचं आठवत नाही.

न्हाव्याच्या दुकानापुढच्या बाकावर बसून मी हे रंगवून सांगत होतो. न्हावी लोहाराची दाढी करत होता. पायरीवर शाळेची बाई बसली होती. यंदा पुन्हा पोरांना शिकवायला या, असं सांगायला आली होती. पंधरा वर्षांपूर्वी ती त्याच वर्गात होती. म्हणून तर मी तिच्याकडे पाठ करून बसलो होतो.

सोळा-सतरा वर्षांची घोडी झालेली पोरं ती, म्हटलं. हातात हातोडी दिली तर कुठल्या टोकानं मारायची ते विचारायची. महिन्याभरात अशी तयार केली, की एकानं ठोकलेला खिळा भिंतीतून आरपार जाऊन शेजारणीच्या घरात निघाला. तिनं त्याला चाळणी अडकवली. लोहार इतका हसला की न्हाव्यानं वस्तरा उचलून धरला.

शाळेमागं प्रत्येकाचा एकेक वाफा होता. ज्याची रोपं जगतील तो पास. फाटक मी बनवलेलं, आणि नियमही माझाच. शेवटी बाहेर पडेल त्यानं फाटकाला दोरी बांधायची आणि आपल्या नावाची लाकडी चकती खुंटीला टांगायची. म्हणजे काही बिघडलं तर जबाबदार कोण, ते चकतीच सांगेल. मला चकती नव्हती. शिकवणाऱ्याला कशाला हवी?

एका दुपारी एक पोरगी शेवटची निघाली. दोरी बांधली, चकती टांगली, घरी गेली. मग मी विसरलेला चष्मा आणायला आत गेलो.

"येताना दोरी बांधली ना?" न्हाव्यानं विचारलं.

"दुहेरी गाठ मारली," मी म्हणालो. "पण गवळ्याची ती कानफाटी शेळी. दातांनी गाठ सोडली, सगळा कळप आत नेला, आणि पोट भरल्यावर जाताना पुन्हा बांधून गेली. जनावराला रीत कळते."

दोघं हसले. पायरीकडे मी वळून पाहिलं नाही.

सकाळी वाफ्यांत नुसती खोडं उरली होती. सगळ्या वर्गाची मेहनत शेळ्यांच्या पोटात, आणि खुंटीवर त्या पोरीची चकती. पुढं ती महिनाभर एकटी विहिरीवरून पाणी ओढून सगळ्यांचे वाफे नव्यानं जगवत होती. हे मी बाकावर सांगितलं नाही. माझ्या खिडकीतून ती दिसायची. दहा वर्षं त्या खिडकीची झडप लागत नव्हती. त्या आठवड्यात मी ती दुरुस्त केली.

"मग पोरीवर आळ आला असेल," लोहार फेसातून म्हणाला.

इथं गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण जिभेला हाड नाही.

"येऊ देतोय का?" मी म्हणालो. "मुख्याध्यापकांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. चकती हातात धरून विचारलं, शेवटी कोण होतं? तसा मी पुढं झालो. म्हटलं, सर, पोरीनंतर मी आत गेलो होतो. शिक्षा मला द्या."

"अहो, दोरी शेळीनं सोडली ना? मग तुम्हाला कसली शिक्षा?" न्हाव्यानं विचारलं.

"गाठ माझी होती. शेळीला सुटली म्हणजे कच्चीच की."

लोहारानं मान हलवली. माणूस थापाड्या खरा, पण काळजाचा सच्चा, असं म्हणाला. न्हाव्यानं मला आतून पाणी आणून दिलं. माझे कान तापले होते. तांब्या मी तसाच बाकावर ठेवला.

तेवढ्यात बाई पायरीवरून उठली. आवाज चढवला नाही. वर्गात हजेरी घेताना बोलावं तसं बोलली.

"आजोबा, तुम्ही पुढं नव्हता झालात. तुम्ही चष्मा पुसत होतात. पुढं मी झाले होते."