दुर्बिणीच्या डोळ्यात कुंकू

मित्रांनो, या देशाची सरहद्द मी राखली आहे. निदान सुभेदार लालासाहेब तरी गावात तसंच सांगतात. प्रत्यक्षात पलीकडच्या चौकीत जेवायला काय शिजतंय, एवढंच त्यांनी माझ्यातून पाहिलं. पुढे लष्कराने मला मोडीत काढलं. सुभेदारांनी लिलावात बोली लावली आणि मला पाटणच्या वरच्या पठारावर, आपल्या गावी आणलं.

मला खरं काम दिलं ते शरयूबाईंनी. त्या वाईला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. पावसाळा सरला की ससाणे, गरुड, भोवत्या असे शिकारी पक्षी आमच्या खिंडीवरून दक्षिणेला जातात. इतक्या उंचावरून, की नुसत्या डोळ्यांना ठिपकेच. शरयूबाई माझ्यातून पाहून आकडा सांगत आणि सुभेदार तो कवायतीच्या आवाजात पुन्हा म्हणत. माझे सुखाचे दिवस तेवढेच.

शहाण्णव साली त्याच खिंडीत पवनचक्क्या उभारायचं घाटू लागलं. पात्यांत सापडून पक्षी मरतील, म्हणून शरयूबाई वर्षभर भांडल्या, तेव्हा कुठे पाहणीला एक साहेब आले. शिकारी पक्षी दिसले तर चक्क्या पलीकडच्या माळावर नेऊ, म्हणाले. कचेरीतले टाइपरायटर पूजेला मांडल्यामुळे साहेबांना नेमका तोच दिवस मोकळा होता. त्या दिवशी खंडेनवमी होती.

मीही पूजेतच होते. ओसरीत, पाटावर, तलवारीशेजारी. डाव्या काचेवर हळद, उजव्या काचेवर कुंकू.

"सुभेदार, दुर्बीण द्या लवकर. पक्षी यायला लागलेत!"

"आवं बाई, आज हत्यार हलवायचं नसतंय. उद्या दसऱ्याला घ्या की."

"साहेब आजच आहेत हो! आणि ही हत्यार कुठे आहे?"

"लष्करातली हाय न्हवं? मग हत्यारच."

"आन् परवा पाटलाच्या मांडवात जिलेबी हाय का बघाय घेतलीसा, तवा?" मनुबाई, म्हणजे सुभेदारीणबाई, आतून म्हणाल्या.

"तवा पुजली न्हवती," सुभेदार म्हणाले.

अंगणातल्या शरयूबाई रडवेल्या आवाजात आभाळ दाखवत राहिल्या. साहेबांनी कपाळावर आडवा हात धरून वर पाहिलं.

"बाई, ठिपके दिसतायत. ठिपक्यांना मी गरुड कसं म्हणू? माझ्या डोळ्यांपुढे तर घरीही येतात."

थवेच्या थवे डोक्यावरून गेले. मला दिसलं ते अर्धं पिवळं, अर्धं लालभडक आभाळ. दुर्बिणीला किंचाळायची सोय ठेवलेली नाही, ही बनवणाऱ्याची मोठी चूक आहे. साहेबांनी 'शिकारी पक्षी आढळले नाहीत' असं लिहिलं, मनुबाईंच्या हातच्या पुरणपोळ्या खाल्ल्या आणि ते गेले.

मित्रांनो, माझा कोणी अपमान केला असता तर मी गप्प बसले असते. माझा मान ठेवून त्यांनी मला आंधळी केली, याची चीड अजून जात नाही. तुमच्या घरी कामाची वस्तू असेल तर तिला पुसा, वापरा, हातातून पडली तर दुरुस्त करा. पण तिची गरज असेल तेव्हा तिला पाटावर बसवू नका.

खिंडीतल्या पवनचक्क्यांनाही आता दर खंडेनवमीला हळदकुंकू वाहतात. त्या दिवशी त्या बंद मात्र ठेवत नाहीत.