नाझरची फेरमोजणी

अहमदपूरच्या धान्याच्या मोंढ्यामागच्या कॉलनीत राहणारे माधवराव चौतीस वर्षं भूकरमापक होते. म्हणजे ज्या रेषा कुणालाच दिसत नाहीत, त्या नेमक्या कुठून जातात हे सांगण्याची त्यांची नोकरी होती. शेतात उभं राहिलं की ढेकळं दिसतात, बाभळी दिसतात, एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे दोन भाऊ दिसतात. हद्द काही दिसत नाही. तरी ती असते. त्यामुळं निवृत्तीनंतर घरच्या बोक्यानं रिकाम्या भिंतीकडं टक लावून बघायला सुरुवात केली, तेव्हा माधवराव हसले नाहीत. दिसत नाही म्हणजे नाहीच, असं म्हणायचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही, असं त्यांचं मत पडलं.

बोक्याचं नाव नाझर. कुठल्याशा कचेरीतले एक जुने नाझरसाहेब खुर्चीत बसून दिवसभर दाराकडं नुसते बघत राहायचे. हे पिल्लू पहिल्या दिवसापासून तसंच बसायचं, म्हणून ते नाव.

रोज सकाळी अंग चाटून झालं की नाझर फ्रीजशेजारी बसायचा आणि स्वयंपाकघराच्या चौकटीच्या वर एका ठिकाणी नजर लावायचा. कान पुढं, शेपटीचं टोक तेवढं हलतंय. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग एकाएकी उसळी मारून बाहेरच्या खोलीत धावायचा, दिवाणाखाली शिरायचा आणि फरशीवर कशावर तरी पंजा हाणायचा. पंजा हळूच उचलून बघायचा. खाली काही नसायचं. त्याचं त्याला वाईट वाटल्यासारखं कधी दिसलं नाही.

माधवरावांनी कपाटातला टेप काढला. जमिनीपासून सहा फूट दोन इंच, चौकटीपासून डावीकडं नऊ इंच. तिथं त्यांनी पेन्सिलीनं बारीक फुली मारली.

त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवत. त्या डबा भरता भरता म्हणाल्या, "भिंतीवर काय लिहून राहिलाव?"

"खूण करतोय."

"कशाची?"

"तेच ठरायचंय."

"रंग दिवाळीत दिलाय," बाई म्हणाल्या आणि शाळेला गेल्या.

दोन महिन्यांत घरात तेवीस फुल्या झाल्या. पाचांचा उलगडा झाला: ट्यूबलाइटमागची पाल, मुंग्यांची रांग, कुकरच्या झाकणाची तिरीप, एक जळमट आणि हलणारं कॅलेंडर. उरलेल्या अठरा ठिकाणी माधवरावांनी स्टुलावर चढून, भिंग लावून पाहिलं, भिंतीला कानही लावला. तिथं भिंत होती. शेजारच्या नीलम्मा उदगीरकडच्या. त्यांनी एकदाच आत डोकावून निकाल दिला, "अय्यो, देव्वा हाय की ओ घरात!" देव्वा म्हणजे भूत. माधवरावांनी त्यांना अदबीनं विचारलं, की ते साधारण किती फुटांवर असतं. नीलम्मांनी कधी मोजलं नव्हतं.

अशात देविकेला बघायला पाहुणे यायचे ठरले.

देविका ही माधवरावांची एकुलती एक मुलगी. लातूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि शनिवार-रविवारी घरी यायची. मुलाचं नाव वरद. नांदेडला त्याचा दातांचा दवाखाना. आई वारलेली, मोठी बहीण शिल्पा सासरी. त्यामुळं त्याच्याबरोबर फक्त वडील येणार होते. वडील म्हणजे कंधारचे अमृतराव, निवृत्त मुख्याध्यापक. छत्तीस वर्षं पोरांना 'इकडंतिकडं काय बघतोस, समोर बघ' म्हणून दरडावण्यात गेलेली. आवाज अजून तसाच होता.

रविवारी सकाळी दहाला गाडी दारात लागली. पाहुणे सोफ्यावर बसले, पाणी झालं, उन्हाचं बोलून झालं. प्रमोदिनीबाईंनी सुशीला आणली, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. चुरमुऱ्यांची ती सुशीला अमृतरावांनी चमच्यावर घेतली, आणि तेवढ्यात नाझर आतून आला, त्यांच्या बरोबर समोर बसला आणि बघू लागला.

अमृतरावांकडं नाही. त्यांच्या डाव्या खांद्याच्या वर, वीतभर.

"छान आहे मांजर," अमृतराव म्हणाले.

"हो," माधवराव म्हणाले.

अमृतरावांनी दोन चमचे खाल्ले. नाझर बघतच होता. त्यांनी डावा खांदा झटकला. नाझरची पापणी लवली नाही.

"हे काय बघून राहिलंय?"

"सवय आहे त्याची."

"माझ्या मागं काय हाय?"

माधवरावांनी नीट पाहून सांगितलं, "भिंत."

देविका चहाचा ट्रे घेऊन आली. वरदनं उठून ट्रेला हात लावला, तिनं 'राहू द्या' म्हटलं, हे सगळं रीतसर झालं. पण अमृतरावांचं लक्ष तिकडं नव्हतंच. कारण नाझरची मान आता सावकाश वळायला लागली होती. खांद्यावरून भिंतीकडं, भिंतीवरून दाराकडं, तिथं जरा थांबून कोपऱ्यातल्या रिकाम्या वेताच्या खुर्चीकडं. तिथं ती थांबली. कुणी चालत जाऊन खुर्चीत बसावं आणि बघणाऱ्यानं त्याला डोळ्यांनी पोचवावं, अगदी तसं.

देविका त्याच खुर्चीत बसायला वळली.

"तिथं नको बसू, बाळ!" अमृतराव इतक्या मोठ्यानं ओरडले, की ट्रेमधले कप वाजले.

नीलम्मा बाहेर तुळशीला पाणी घालत होत्या. त्यांच्या तांब्याचा आवाज थांबला. अमृतरावांनी बशी खाली ठेवली.

"तिथं आमचे दादा बसलेत," ते म्हणाले.

वरद म्हणाला, "बाबा!"

"तू गप. मला म्हाईत हाय ते का आले." मग माधवरावांकडं वळून, जणू वर्गात उभं करून विचारलंय अशा पडेल आवाजात त्यांनी सांगायला सुरुवात केली. "ज्ञानोबादादा माझे थोरले भाऊ. अकरा वर्षांखाली आमच्या शिल्पाचं लग्न झालं. पत्रिकेत दादांचं नाव निमंत्रकांत पयलं पाहिजे का न्हाई? पाहिजे. मी तसंच लिहून दिलेलं. छापखान्यानं काय केलं, दादांचं नाव टाकलं सगळ्यात खाली. पोराबाळांत. 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं', त्याच्याखाली चिंटू, पिंकी आणि ज्ञानोबा."

प्रमोदिनीबाईंनी पदर तोंडाला लावला. माधवराव जमिनीकडं बघू लागले.

"पाचशे पत्रिका वाटून झाल्यावर कळलं. दादा पत्रिका घेऊन माझ्या दारात आले. वय अडुसष्ट. मला म्हणले, हे काय हाय, अमृता? आणि मी..." अमृतराव थांबले. "मी हसलो, माधवराव. चूक छापखान्याची होती, पण हसलो मी. आवरंचना. दादा गेले ते लग्नाला आले न्हाईत. वहिनीबी न्हाईत. दोन गल्ल्या सोडून घर, पण त्या घराशी अकरा वर्षं बोलणं न्हाई. परवाच्या साली दादा वारले. मी लांबून नमस्कार करून आलो."

माधवरावांना आता फार अवघड झालं. कारण एव्हाना त्यांना दिसलं होतं. खिडकीतून ऊन येत होतं, अमृतरावांच्या मनगटावर स्टीलचं मोठं घड्याळ होतं, आणि त्या घड्याळाचा कवडसा भिंतीवरून त्या खुर्चीपर्यंत नाचत होता. हात हलला की तोही हलायचा. ही चोविसावी खूण, आणि हिचा उलगडा जागेवरच झालेला. गप्प राहावं असं त्यांना क्षणभर वाटलं. पण माणूस चौतीस वर्षं दोन्ही बाजूंचे चेहरे न बघता खुंटी ठोकत आलेला.

"अमृतराव," ते म्हणाले, "तो तुमच्या घड्याळाचा कवडसा आहे. ते बघा."

अमृतरावांनी पाहिलं. हात हलवून पुन्हा पाहिलं. मग घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं. कवडसा गेला.

नाझर खुर्चीकडंच बघत होता.

माधवरावांकडं आणखी माहिती नव्हती.

अमृतराव उठले. वेताच्या खुर्चीला वाकून नमस्कार केला आणि वरदला म्हणाले, "चल. वहिनीकडं जायचंय."

"आत्ता?"

"अकरा वर्षं झाली, आणखी किती थांबतो?"

चपला घालता घालता वरद देविकेला हळूच म्हणाला, "तुम्हाला काही विचारायचं राहूनच गेलं."

"मलाही," देविका म्हणाली. "आमच्याकडं हे रोजचंच आहे. पण रोज कुणी उठून जात नाही."

गाडी गेल्यावर प्रमोदिनीबाईंनी उरलेली सुशीला डब्यात काढली. "जमतंय का मोडतंय, काही कळायला मार्ग नाही," त्या म्हणाल्या. नाझर त्या खुर्चीत जाऊन झोपला.

पंधरा दिवस काही निरोप नाही. देविका आणि वरद फोनवर बोलतायत एवढं बाईंच्या कानावर आलं. काय बोलतायत हे देविका सांगेना. मग एका सकाळी खुद्द अमृतरावांचा फोन आला.

"माधवराव, एक काम होतं. मांजर घेऊन कंधारला येता का?"

"मांजर?"

"वहिनीकडं रोज जाऊन राहिलो. त्या चहा देतात, पण बोलत न्हाईत. दादांचं मन भरलंय का न्हाई, कळंना. तुमच्या मांजरानं एकदा बघितलं म्हणजे... तुमच्यात काय म्हणतात ते?"

"फेरमोजणी," माधवराव म्हणाले.

"हाव. तीच."

फेरमोजणीला माधवराव आयुष्यात कधी नाही म्हणाले नव्हते. पुढच्या शनिवारी त्यांनी नाझरला झाकणाच्या टोपलीत घातलं आणि कंधारची एसटी धरली. कंडक्टरनं टोपलीत काय आहे विचारलं. माधवरावांनी मांजर सांगितलं, मोजणीच्या दौऱ्यावर निघालोय म्हणाले. कुणाचा दौरा हाय, असं त्यानं विचारल्यावर ते म्हणाले, "ह्याचाच."

अमृतराव स्टँडवर उभेच होते. दोघं टोपली घेऊन सिंधुबाईंच्या घरी गेले. सिंधुबाई म्हणजे ज्ञानोबादादांची बायको. सत्तरीच्या पुढं गेलेली, काटक, मोजकं बोलणारी बाई. त्या ओसरीवर तुरी निवडत होत्या. सूप बाजूला न सारता त्यांनी विचारलं, "हे काय आणलं?"

अमृतरावांनी सगळं सांगितलं. खुर्ची, मान वळणं, घड्याळ खिशात टाकणं. माधवरावांनी टोपली उघडली. नाझर बाहेर आला, ओसरीभर हिंडला, खांब हुंगला आणि दादांच्या हार घातलेल्या फोटोखाली पाठ करून बसला. वर बघेना, खाली बघेना. डोळे मिटून घेतले.

"बघंना की," अमृतराव घाबऱ्या आवाजात म्हणाले. "रागावले असतील का?"

सिंधुबाईंनी सूप एकदा पाखडलं.

"तुमचे दादा मांजराला लई भ्यायचे," त्या म्हणाल्या. "मांजर घरात आलं की खाटेवर पाय वर घेऊन बसायचे. जिथं मांजर, तिथं ते कशाला येतील?"

अमृतरावांना हे ठाऊक नव्हतं, असं नाही. ते विसरले होते. लहानपणी शाळेच्या वाटेवर मांजर दिसलं की दादा त्यांचा हात धरून रस्ता बदलायचे, ते आता त्यांना आठवलं.

"मग अहमदपूरला त्या खुर्चीत कोण होतं?"

"मला काय म्हाईत? दुसरं कुणी असंल." बाईंनी आता सूप खाली ठेवलं. "पण भावजी, मला वहिनी म्हणायला तुम्हाला मांजर लागलं का?"

अमृतराव मान खाली घालून उभे राहिले. छत्तीस वर्षं पोरं त्यांच्यापुढं तशी उभी राहायची.

सिंधुबाई उठून आत गेल्या. जरा वेळानं हातात एक घडी पडलेली, पिवळी झालेली पत्रिका घेऊन आल्या. शिल्पाच्या लग्नाची.

"पयलं वर्षभर लई रागात होते. मग एक दिवस काढून वाचली आणि एकटेच हसले. पुढं पुढं तर कुणी पाहुणा आला की दाखवायचे. म्हणायचे, बघा, मी चिंटू-पिंकीच्या खाली, घरात सगळ्यात लहान मीच."

"मग आले का न्हाईत?" अमृतरावांनी विचारलं.

"म्हणायचे, आता जाऊन त्याच्यासमोर हसलो तर त्याचं हसणं बरोबर होतं असं व्हईल. थोरले ना ते."

अमृतराव ओसरीच्या पायरीवर बसले. आधी त्यांचे खांदे हलले, मग आवाज आला. रडतायत का हसतायत, हे माधवरावांना बाजूनं नीट ठरवता येईना. त्यांनी ठरवायचा प्रयत्नही केला नाही.

सिंधुबाई म्हणाल्या, "जेवून जा दोघंबी. आंबट वरण हाय."

जेवताना त्यांनी वरदच्या लग्नाचं विचारलं. अमृतराव म्हणाले, की पोरांचं ठरल्यातच जमा आहे, पत्रिकेत कै. ज्ञानोबादादांचं नाव सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात टाकायचं आणि कच्चा कागद वहिनींनी डोळ्याखालून घातल्याशिवाय छपाई करायची नाही. "चष्म्याचा नंबर बदलायचाय माझा," सिंधुबाई म्हणाल्या. अमृतराव म्हणाले, सोमवारी नेतो. मग त्यांनी वरण आणखी वाढून घेतलं, आणि त्यानंतर पुन्हा एकदा. अकरा वर्षांत आपण ह्या घरी जेवलो नाही, हे ते दोन घासांमध्ये तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा सिंधुबाईंनी "मग जेवा की गुमान" म्हटलं.

माधवराव जेवत होते. आयुष्यात त्यांनी पुष्कळ भाऊबंदांना बांधावर समोरासमोर उभं केलं होतं, पंचांच्या सह्या घेतल्या होत्या, दोघांचे हात हातात दिले होते. तिसऱ्यांदा वरण मागून घेणारा पक्षकार त्यांनी आज पहिल्यांदा पाहिला. असल्या मोजणीचा नकाशा कसा काढायचा, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि ते त्यांना बरंच वाटलं.

परतीची गाडी साडेतीनची होती. सिंधुबाईंनी नाझरला वाटीभर दूध घातलं, तो प्यायला आणि आपणहून टोपलीत जाऊन बसला. बाईंनी टोपलीचं झाकण लावलं. मग दादांच्या फोटोकडं वळून, शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "गेलं हो. आता पाय खाली सोडा."